ऑक्टोबरातला तंबू

फोर्ट कॉलिन्स, कोलोराडो
१२ जुलै

चि. ओंकार यास,


शिकारीचा टॅग, म्हणजे परवाना, लागल्याचं कळलं. पहिल्याच वर्षी फ्लॅट टॉप्सच्या रानातलं एल्क हरीण, तेही ऑक्टोबरच्या मध्यावरच्या पहिल्या रायफल हंगामातलं! अभिनंदन. ताईला हे कसं पटवायचं ते मात्र तू बघ. परवा तिने पुण्याहून फोन करून मलाच फैलावर घेतलं. "हा मुलगा शिकारीला चाललाय म्हणजे काय? त्याला बंदी आहे ना?" तिला म्हटलं, आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. इथे परवाने मोजून देतात, त्या पैशांवर वन्यजीव खात्याचा मोठा खर्च निघतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोराडोतून जवळजवळ संपलेला एल्क आज अमेरिकेतल्या इतर कुठल्याही राज्यापेक्षा इथे जास्त आहे. तिचं समाधान झालं नाहीच. "बरं, पण तिथे थंडीत झोपणार कुठे?" असं तिने विचारलं. तुझ्या पत्रातही तोच प्रश्न आहे, तेव्हा थेट त्यावरच येतो.

तू पसंत केलेला तंबू पाहिला. वजन सव्वा पौंड, डायनीमाचं कापड, एकच पदर, चालण्याच्या दोन काठ्यांवर उभा राहणारा, किंमत सातशे डॉलरच्या घरात. वस्तू नामी आहे, पण तुझ्या या कामाची नाही. ती घेऊ नकोस.

हा तंबू ज्यांच्यासाठी केला आहे त्यांचा दिनक्रम बघ. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलसारख्या वाटेवर महिनोन् महिने चालणारे लोक बहुतांशी उन्हाळ्यात चालतात, अंधार पडला की आडवे होतात आणि उजाडलं की पुढे सरकतात. तंबूत ते फक्त झोपतात. शिधा संपत जातो तसतसं त्यांचं ओझं दररोज हलकं होतं. शिकाऱ्याचं सगळं उलट. पाच दिवसांचा हंगाम, मुक्काम बहुधा एकाच जागी. पहाटे अंधारात बाहेर पडायचं आणि अंधार झाल्यावर ओल्या बुटांनी, ओल्या मोज्यांनी परतायचं. ऑक्टोबरच्या मध्यावर रात्र दिवसापेक्षा मोठी असते. म्हणजे अकरा-बारा तास तू त्या कापडाखालीच असणार. तिथेच जेवायचं, कपडे वाळवायचे, नकाशा बघायचा आणि हवा बिघडली तर दिवसभर बसूनही राहायचं. दहा हजार फुटांच्या वर तेव्हा रात्री पारा सहज शून्याखाली जातो, आणि फूटभर ओलं बर्फ एका रात्रीत पडलं तर तिथल्या माणसाला त्याचं नवल वाटत नाही.

शिवाय शिकाऱ्याचं ओझं येताना वाढतं. पूर्ण वाढलेल्या नराचं हाडं काढलेलं मांस दोनशे पौंडांच्या आसपास भरतं. तू आणि तुझे दोघे मित्र अशा तिघांत वाटलं तरी माणशी साठ-सत्तर पौंड झाले. मांस आणि बिऱ्हाड एका खेपेत खाली येत नाही. फ्लॅट टॉप्स १९७५ पासून राखीव रानात मोडतं, म्हणजे गाडी नाही, सायकलसुद्धा नाही. घोडा नसेल तर सगळं पाठीवर. म्हणून तंबू हलका हवा हे तुझं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. माझं म्हणणं इतकंच की वजन माणशी मोज, आणि जो तंबू पहिल्याच ओल्या बर्फात बसेल किंवा तुला पाच दिवस ओलाच ठेवेल, तो कितीही हलका असला तरी स्वस्त पडत नाही.

आता पर्याय बघू. पहिला, दुपदरी आणि आपल्या दांड्यांवर आपण उभा राहणारा दोघांचा तंबू. आतलं जाळीचं कापड, वर पाऊस अडवणारं दुसरं. हे तीन-साडेतीन पौंडांत मिळतात, खडकाळ जागेवरही उभे राहतात आणि नवख्याला सोपे असतात. पण उन्हाळ्यासाठी बेतलेल्या तंबूला जाळी फार असते, वरचं कापड जमिनीपर्यंत येत नाही, आणि वाऱ्याबरोबर भुरभुर बर्फ त्या फटीतून थेट पांघरुणावर येतं. दुसरा, हिवाळी तंबू. स्वीडनच्या हिलेबर्गसारख्या कंपन्या असे करतात. जाड कापड, जमिनीला टेकणारी कड, दणकट दांडे. वाऱ्याला आणि बर्फाला ते पुरून उरतात, पण वजन आणि किंमत दोन्ही चढी. एकटा माणूस झाडांच्या रेषेवर उघड्या माळावर राहणार असेल तर मी त्याला हाच सांगेन.

तिसरा पर्याय, बिनतळाची राहुटी. मधल्या एका दांड्यावर उभी राहते. कापडाला एका बाजूला आगीला दाद न देणाऱ्या कापडाचं ठिगळ असतं, त्यातून धुराडं बाहेर काढायचं आणि आत घडीची टायटॅनियमची शेगडी पेटवायची. अशा राहुट्या इथल्याच ग्रँड जंक्शनची सीक आउटसाइड कंपनी करते, आणखीही काही जण करतात. तिघांना सामानासकट पुरेल अशी राहुटी चार-पाच पौंडांची, शेगडी आणि धुराडं मिळून तीनेक पौंड. म्हणजे माणशी अडीच पौंडांच्या आसपास. तिघांनी तीन वेगळे दुपदरी किंवा हिवाळी तंबू नेले तर प्रत्येकाच्या पाठीवर याहून जास्त चढेल, आणि मोजे कुणाचेच वाळणार नाहीत. तुम्हा तिघांसाठी माझा कौल राहुटीला.

तिचे तोटेही आधीच ऐकून ठेव. शेगडी एवढीशी असते, एकदा भरली की तास-दीड तासात विझते. ती रात्रभर ऊब देईल या भरवशावर स्लीपिंग बॅग पातळ नेऊ नकोस. शेगडी कपडे वाळवण्यासाठी आणि पहाटे बूट घालताना जीव तरतरीत करण्यासाठी आहे. धुराड्याच्या ठिणग्यांनी कापडाला टाचणीएवढी भोकं पडतात, तेव्हा डागडुजीची पट्टी बरोबर हवी. तळ नसल्याने अंथरायला हलकं प्लास्टिक लागतं. आणि कोरड्या वर्षी वनखातं आगीवर निर्बंध घालतं, त्यात लाकडाची शेगडीही येऊ शकते. निघायच्या आठवड्यात रेंजरच्या कचेरीत फोन करून विचार. बंदी असली तर शेगडी घरी ठेव, राहुटी तरीही कामाची आहे. एक गोष्ट मात्र कायमची लक्षात ठेव. बंद तंबूत जळणाऱ्या कुठल्याही वस्तूतून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. वरचा झरोका कधी बंद करायचा नाही, झोपण्याआधी शेगडी विझलेली हवी, आणि बॅटरीवर चालणारा छोटा सूचक बरोबर हवाच.

वजनाच्या पाटीवर लगेच विश्वास ठेवू नकोस. कंपन्या दोन आकडे छापतात. लहान आकड्यात फक्त कापड आणि दांडे धरलेले असतात. मोठ्या आकड्यात मेखा, तणावे, पिशव्या सगळं येतं. बऱ्याच राहुट्यांचं वजन तर दांडा आणि मेखा वगळूनच सांगतात. घरी आणलेली प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेव आणि स्वतःचा आकडा लिहून काढ.

कापडात तीन जाती आहेत. सिलिकॉन चढवलेलं नायलॉन मजबूत असतं, पण भिजलं की ताणतं आणि मध्यरात्री राहुटी लोंबू लागते. झोपण्यापूर्वी तणावे एकदा पुन्हा ओढून घ्यावे लागतात. सिलिकॉनचं पॉलिएस्टर त्या मानाने कमी लोंबतं. डायनीमा ताणतही नाही आणि पाणीही पीत नाही, पण उष्णतेला हळवा आहे, शेगडीशेजारी तो नको. आणखी एक, सिलिकॉनवर कारखान्यात शिवणीला लावतात ती चिकटपट्टी बसत नाही, त्यामुळे अशा राहुटीच्या शिवणी बहुतेक वेळा घरीच बंद कराव्या लागतात. राहुटी अंगणात ताणून उभी कर. सिलिकॉनचं सीलंट मिनरल स्पिरिटमध्ये पातळ कर, रंगाच्या ब्रशने प्रत्येक शिवणीवर बाहेरून एक हात दे, आणि टोकाजवळ, धुराड्याच्या ठिगळाभोवती व मेखांच्या फासांपाशी दोन हात दे. एक रात्र वाळू दे. दुसऱ्या दिवशी बागेच्या नळीने पाणी मारून आत बसून बघ. टपकणारी जागा अंगणात सापडली तर दहा मिनिटांचं काम, डोंगरात सापडली तर पाच रात्रींचं दुखणं.

राहुटीची सगळी भिस्त मेखांवर असते. बरोबर येणाऱ्या बारीक मेखा बाजूला ठेव आणि आठ-नऊ इंची, तीन पात्यांच्या मेखा घे. आधी दार बंद कर, चारही कोपरे चौकोनात मेखांनी पक्के कर, मग आत शिरून दांडा उभा कर, आणि त्यानंतरच कोपरे व बाजू ताण. दार वाऱ्याच्या पाठीला. खाली खडक असेल तर मेखेवर मोठा दगड ठेव. बर्फ पडू लागलं की आतून थापट्या मारून ते घसरवत राहायचं, साचू द्यायचं नाही.

जागेची निवड तंबूच्या निवडीपेक्षाही मोठी आहे. फ्लॅट टॉप्समध्ये १९३९ च्या वादळाने स्प्रूसची झाडं उन्मळली, त्यांत भुंगा शिरला आणि चाळीसच्या दशकात त्याने उभंच्या उभं रान वाळवलं. पुढे २००२ च्या वणव्यात ट्रॅपर्स लेकभोवतीची झाडं जळाली. अशी मेलेली झाडं वारा नसतानाही पडतात. राहुटी लावण्याआधी मान वर करून चारही बाजूंची झाडं बघ, पडलं तर कुठपर्यंत येईल याचा अंदाज घे, शंका आली तर जागा सोड. दरीच्या अगदी तळाशी, ओढ्याकाठी राहू नकोस. थंड हवा तिथेच साचते आणि कापड आतून भिजतं. पाण्यापासून दोनशे फूट तरी दूर, उतारावर थोडं वर, जिवंत झाडांच्या आडोशाला जागा बघ.

एल्कचं नाकही विसरू नकोस. सूर्य मावळला की हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढलं की वर चढते. ज्या कुरणात तुला पहाटे बसायचं आहे त्याच्या वरच्या अंगाला रात्रभर तीन माणसं, शेगडीचा धूर आणि तळलेल्या कांद्याचा वास असेल, तर पहाटे कुरण रिकामं मिळेल. डोळ्यांची मात्र काळजी नको. त्याला नारिंगी रंग आपल्यासारखा दिसत नाही, म्हणून तर कायद्याने तुझ्याच अंगावर पाचशे चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी चढवलं आहे. पानाफुलांच्या नक्षीच्या तंबूला पैसे जास्त मोजू नकोस. तणाव्यांना उजेड परतवणारी दोरी लाव, रात्री बॅटरीच्या झोतात घर सापडलं पाहिजे.

कोलोराडोत काळं अस्वल आहे. शिधा आणि मांस राहुटीत ठेवायचं नाही, दोन्ही चांगल्या अंतरावर झाडाला उंच टांगायचं. रायफल आत आणण्याआधी रिकामी करायची, आणि शेगडी पेटलेली असताना रायफल बाहेर झाकूनच ठेवायची. थंड स्कोपवर ऊबदार हवेतली वाफ धरते, पहाटे बाहेर नेल्यावर ती गोठली की नेमक्या वेळी काचेतून धुकं दिसतं.

आता शेवटचं. यंदा काहीच विकत घेऊ नकोस. माझी राहुटी आणि शेगडी गॅरेजमध्ये आहे. ऑगस्टमध्ये एखाद्या शनिवार-रविवारी दोघा मित्रांना घेऊन ये. डेन्व्हरच्या विमानतळावर घ्यायला येईन. रात्री नऊ वाजता, हातमोजे घालून, फक्त डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात तुम्ही तिघांनी ती उभारायची. मी बाजूला खुर्ची टाकून बसेन, तोंडातून अक्षर काढणार नाही. पंधरा मिनिटांत नीट उभी राहिली तर खुशाल घेऊन जा. नाहीतर पुन्हा उतरवा आणि पुन्हा उभारा. हंगाम संपल्यावर, स्वतः त्यात पाच रात्री काढल्यावर, मग ठरव तुला कोणता तंबू हवा ते. तेव्हाच पैसे खर्च कर.

तारीख कळव, आणि ताईला आठवड्यातून एकदा तरी फोन करत जा.

तुझा,
सुधीरमामा