बाळ उशिरा रडलं, तर पुढचा खर्च किती?

जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडलेल्या बाळाला पहिल्या एक-दोन दिवसांतच आकडी येऊ शकते. यातल्या बऱ्याच बाळांना पुढे फिट येत नाहीत. मेंदूला मोठी इजा झाली असेल, तर धोका वाढतो. अलिबागजवळच्या चौलमधल्या घरांनी पैशांची तयारी अशी करावी.

पहिले दिवस
जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, आजारी नवजाताचे उपचार, औषधं आणि रुग्णवाहिका मोफत. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अतिदक्षता कक्ष आहे. खाजगीत काचेच्या पेटीचा एकेक दिवस सहज दहा हजारांवर जातो. तिथे पैसे भरण्याआधी रेशनकार्ड घेऊन मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा.

थंडाव्याचा उपचार
मेंदूची इजा कमी व्हावी म्हणून बाळाला ७२ तास ३३-३४ अंशांवर ठेवतात. मुंबईच्या सायन रुग्णालयासह भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवरच्या ‘हेलिक्स’ अभ्यासात (२०२१) त्याने फायदा झाला नाही, उलट मृत्यू वाढले. केवळ यासाठी दागिने गहाण ठेवू नका. बाळाचा श्वास, साखर, आकडी यांवर चोवीस तास लक्ष राहील, असा कक्ष शोधा.

घरी येताना
बाळ कधी रडलं, आकडी कधी आली, कोणतं औषध दिलं, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. पैसा लागत नाही, पण पुढच्या प्रत्येक डॉक्टरला हेच हवं असतं.

पुढचे महिने
खाजगीत ईईजीला (मेंदूच्या लहरींची तपासणी) साधारण दीड ते तीन हजार, एमआरआयला त्याहून बरेच जास्त. फिटवरचं औषध फेनोबार्बिटोन स्वस्त आहे. डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. तीन ते आठ महिन्यांचं बाळ झोपेतून उठताना मान खाली टाकून हात पुढे फेकत असेल, आणि असे झटके एकामागून एक येत असतील, तर ‘दचकतंय’ म्हणून सोडू नका. मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

सवलती
नुसत्या फिटसाठी दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता असेल, तर मिळतं. अशा मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपीही येते.

फिट आली तर
कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा-पाणी घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, तर १०८ला फोन करा. ती गाडीही मोफतच आहे.