स्लीप लॅब नसली तरी

प्रश्न : मी वणीत जनरल प्रॅक्टिस करतो. कोळसा खाणीत पाळ्यांवर काम करणारे बरेच रुग्ण झोपेच्या तक्रारी सांगतात. स्लीप लॅबशिवाय झोपेच्या विकारांचं शास्त्र शिकता येईल का?
– एक डॉक्टर, वणी

उत्तर : डॉक्टर, नक्की येईल. लॅब निदान पक्कं करते; विचार करायला रुग्णच शिकवतो. दर आठवड्याला एकच केस घ्या, पण सविस्तर लिहा : पाळीच्या वेळा, घोरणं, मानेचा घेर, रक्तदाब. घरच्यांना जरूर विचारा. झोपेत श्वास अडकतो का, हे तेच सांगू शकतात. दिवसा येणारी झोप मोजणाऱ्या एपवर्थ प्रश्नावलीत 10 पेक्षा जास्त गुण आले, तर दिवसाची पेंग गांभीर्यानं घ्या. आपलं निदान आधी लिहून ठेवा, मग नागपूरच्या स्लीप लॅबमधून आलेल्या रिपोर्टशी ताडून पाहा. जोरात घोरणाऱ्याला तपासणीआधी झोपेची गोळी देऊ नका. डंपर चालवताना रुग्णाला डुलकी लागत असेल, तर उपचार सुरू होईपर्यंत त्याला गाडी चालवू देऊ नका.