घर घेताना : ठाणे ते कल्याण

मुंबईत नोकरी आणि मुंबईबाहेर घर ही मराठी मध्यमवर्गाला आता नवी गोष्ट राहिलेली नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोहोचला. त्या वेळी ठाणे हे जिल्ह्याचे ठिकाण होते, कल्याण हे प्राचीन काळापासून नावारूपास आलेले बंदर होते आणि डोंबिवली हे भातखाचरांच्या मधले एक लहानसे गाव होते. ही गावे पुढे लाखो नोकरदारांच्या रात्रीच्या मुक्कामाची ठिकाणे होतील, असे त्या काळी कोणाच्या मनातही आले नसेल. गिरगाव, दादर, परळ येथील चाळींतल्या खोल्या वाढत्या कुटुंबांना अपुऱ्या पडू लागल्या, आणि रेल्वेचा मासिक पास व स्वस्त जागा या दोहोंच्या बळावर या पट्ट्यात वस्ती वाढत गेली. १९८२ साली ठाण्याची आणि १९८३ साली कल्याणची महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा या वाढीवर जणू अधिकृत शिक्काच बसला.

आज या पट्ट्यात घर शोधणाऱ्या कुटुंबाचा पहिला प्रश्न चौरस फुटाच्या भावाचा असतो. तो स्वाभाविक आहे, परंतु पुरेसा नाही. भाव एकदाच मोजावा लागतो. प्रवास, पाणी आणि कागदपत्रे यांची किंमत मात्र वर्षानुवर्षे मोजावी लागते. अनेकदा असे दिसते की, स्वस्त म्हणून घेतलेले घर या तीन खात्यांवरच महाग पडते.

अंतर आणि वेळ

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे सुमारे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८ आणि कल्याण सुमारे ५४ किलोमीटर अंतरावर आहे. जलद गाडीने ठाण्याहून सुमारे पाऊण तास, तर डोंबिवली व कल्याणहून एक तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. या आकड्यांवरून पाहता ठाणे आणि कल्याण यांत अर्ध्या तासाचाच फरक पडतो. प्रत्यक्षात नोकरदाराचा प्रवास फलाटावर सुरू होत नाही, तो घराच्या उंबरठ्यावर सुरू होतो. घोडबंदर मार्गावर कासारवडवलीला राहणारा माणूस पत्त्याने ठाणेकर असला, तरी सकाळच्या गर्दीत त्याला ठाणे स्थानक गाठण्यास जो वेळ लागतो, तेवढ्यात डोंबिवलीच्या रामनगरातून पायी निघालेला माणूस गाडीत बसून बराच पुढे गेलेला असतो. पत्त्यातील शहराचे नाव पाहून घर घेणाऱ्यांनी हा फरक मनावर घेणे अगत्याचे आहे.

त्याचा हिशेबही मांडता येतो. समजा, एक घर स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि दुसरे तीन किलोमीटर आत आहे. दुसऱ्या घरातून शेअर रिक्षाला एका खेपेस ३० रुपये पडतात असे धरले, तर महिन्याच्या २५ दिवसांत एका माणसाचे १,५०० रुपये होतात. पती-पत्नी दोघेही नोकरी करीत असतील, तर ३,००० रुपये. नऊ टक्के व्याजाच्या २० वर्षांच्या गृहकर्जाचा हप्ता लाखामागे सुमारे ९०० रुपये बसतो. म्हणजे रिक्षाच्या याच पैशांत सव्वातीन लाखांहून अधिक कर्जाचा हप्ता भागतो. स्थानकाजवळचे घर तेवढ्या रकमेने महाग असले, तरी ते महाग नव्हे. वेळेचा हिशेब यात अजून धरलेलाच नाही. दररोज जाऊन-येऊन ४० मिनिटे अधिक लागली, तर महिन्याला १६ तासांहून जास्त वेळ रस्त्यावर जातो; मुलांचा अभ्यास घेण्याची किंवा वृद्ध आईवडिलांजवळ बसण्याची वेळ नेमकी हीच असते.

गाडी कोठून सुटते, हेही पाहावे. कल्याण हे जंक्शन असल्याने कसारा आणि कर्जत या दोन्ही दिशांच्या गाड्या तेथे येतात, शिवाय कल्याणहून सुटणाऱ्या गाड्याही आहेत. त्यामुळे सहा किलोमीटर मागे राहणाऱ्या कल्याणकराला पुष्कळदा बसायला जागा मिळते आणि डोंबिवलीकर मात्र दारात उभा राहतो. डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाड्यांची वेळ ज्याच्या कचेरीच्या वेळेशी जुळते, त्याची गोष्ट निराळी. जागा मिळावी म्हणून उलट दिशेने कल्याणला जाऊन त्याच गाडीने परत येणारे डोंबिवलीकर कमी नाहीत. त्यांनी घराच्या किमतीत वाचवलेले पैसे असे वेळेत फेडावे लागतात. कल्याणच्या पुढे शहाड, आंबिवली, टिटवाळा येथे घरे आणखी स्वस्त आहेत, परंतु तेथे गाड्यांची संख्या घटते आणि एक गाडी चुकली की वाट पाहणे वाढते.

दिव्याचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. २०१६ पासून तेथे जलद गाड्यांना थांबा मिळाला. ठाणे महानगरपालिकेची हद्द, जलद गाडी आणि कमी भाव यांमुळे अल्प उत्पन्न असलेली असंख्य कुटुंबे तेथे गेली. पण आधीच भरून आलेल्या गाडीत मधल्या स्थानकावर चढणे हे रोजचे दिव्य असते. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून जात असताना दारात लटकणारे प्रवासी खाली पडले आणि त्यात किमान चौघांचा मृत्यू झाला. घर पाहण्यासाठी रविवारी दुपारी जाणाऱ्यांना ही गर्दी दिसत नाही. व्यवहार ठरविण्यापूर्वी त्या घरापासून आपल्या कचेरीपर्यंत एखाद्या सोमवारी सकाळी प्रत्यक्ष जाऊन पाहावे; दलालाच्या तासभराच्या बोलण्यापेक्षा तो एक प्रवास अधिक सांगून जातो.

नोकरी मुंबईतच असेल असेही नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये ठाणे ते नवी मुंबई लोहमार्ग सुरू झाल्यापासून ऐरोली, तुर्भे, वाशी येथे काम करणाऱ्यांना ठाणे व कळवा सोयीचे झाले. उल्हास खाडीवरील मोठागाव-माणकोली पूल २०२४ साली खुला झाल्यावर डोंबिवली पश्चिमेतून नाशिक महामार्ग आणि ठाणे जवळ आले, आणि देवीचा पाडा, मोठागाव या एके काळी टोकाला असलेल्या वस्त्यांना नवे महत्त्व प्राप्त झाले. वडाळा-ठाणे-कासारवडवली आणि ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो मार्गांच्या नावावर मात्र कित्येक वर्षांपासून घरे विकली जात आहेत. यांपैकी ठाणे-भिवंडी-कल्याण मार्गाची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये कल्याण येथे झाली. जो मार्ग धावू लागला आहे त्याची किंमत द्यावी. जो येणार आहे त्याची आजच पूर्ण किंमत देण्याचे कारण नाही.

पाणी आणि परिसर

कल्याण-डोंबिवलीला मुख्यतः उल्हास नदीचे पाणी मिळते. परंतु डोंबिवलीच्या पूर्वेस व दक्षिणेस पसरलेल्या २७ गावांची कथा वेगळी आहे. ही गावे १९८३ साली महानगरपालिकेत आली, २००२ साली वगळली गेली आणि २०१५ साली पुन्हा समाविष्ट झाली. कारभार असा बदलत राहिला आणि त्याच काळात इमारती मात्र उभ्या राहत गेल्या. औद्योगिक विकास महामंडळाच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या या भागात अपुऱ्या पाण्याची तक्रार जुनी आहे. अशा ठिकाणी घर पाहायचे तर मे महिन्यात जावे, आणि पाणी किती तास येते हे विक्रेत्याला न विचारता वरच्या मजल्यावरील गृहिणीला विचारावे. सोसायटीच्या खर्चाच्या वहीत टँकरची रक्कम दिसली, तर ती घराच्या किमतीत मिळवावी.

पुराचेही तसेच. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्याच पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. नदीकाठच्या सखल भागातील तळमजला स्वस्त का आहे, याचे उत्तर बहुधा जुन्या भिंतीवरील पाण्याच्या खुणेत सापडते.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीलगत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. मनुष्यहानी झाली आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. निवासी विभाग रुंद रस्त्यांचा व मोकळा असल्याने तेथील घरे मनात भरतात. तरीही कारखान्यांपासूनचे अंतर मोजल्याशिवाय निर्णय घेणे शहाणपणाचे नाही.

कागद

सर्वांत मोठी जोखीम येथे आहे. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने डोंबिवली परिसरातील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. महानगरपालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट होत्या आणि त्याच बनावट कागदांच्या आधारे महारेराकडे प्रकल्पांची नोंदणी करण्यात आली होती. घर घेणाऱ्या अनेकांनी रीतसर करारनामे केले होते, मुद्रांक शुल्क भरले होते, बँकांची कर्जेही घेतली होती. घर जाण्याची वेळ आली तरी हप्ते चुकत नव्हते. ही कुटुंबे निष्काळजी नव्हती. रेरा क्रमांक आहे आणि बँक कर्ज देते, एवढी खात्री कोणीही पुरेशी मानली असती.

ती पुरेशी का नाही, हे समजून घ्यावे. स्थावर संपदा कायद्यानुसार, म्हणजे १ मे २०१७ पासून, महाराष्ट्रात ५०० चौरस मीटरहून मोठ्या अथवा आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक आहे. परंतु संकेतस्थळावरील कागदपत्रे विकासकाने सादर केलेली असतात. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला म्हणजे इमारत अधिकृत ठरते, असेही नाही; तेथे व्यवहाराची नोंद होते, बांधकामाची परीक्षा होत नाही. म्हणून प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक व दिनांक उतरवून घेऊन तो थेट महानगरपालिकेच्या नगररचना विभागाकडून पडताळून घ्यावा. माहितीच्या अधिकारात अर्ज केल्यास उत्तर लेखी मिळते. मंजूर नकाशात जेवढे मजले आहेत तेवढेच जागेवर आहेत ना, हे साध्या डोळ्यांनीही मोजता येते. जमिनीचा सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक, बिगरशेती परवानगी आणि वकिलाकडून मागील ३० वर्षांच्या हक्कांचा शोध यांवर होणारा खर्च घराच्या किमतीच्या मानाने नगण्य असतो.

परवानगी नसलेल्या बांधकामाचा धोका केवळ कागदी नसतो. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याच्या हद्दीतील शिळ येथे बेकायदा उभारली जात असलेली इमारत कोसळून ७४ जण दगावले. काम पुरे होण्यापूर्वीच तीत कुटुंबे राहावयास आली होती.

ज्यांच्या हातात बेताचा पैसा आहे, त्यांच्यासाठी जुन्या पण अधिकृत इमारतीतील घर हा पर्याय नव्या बेभरवशाच्या घरापेक्षा बहुतेक वेळा सरस ठरतो. डोंबिवलीतील टिळकनगर, पांडुरंगवाडी, कल्याणचे रामबाग, कळव्याची जुनी वस्ती येथे अशी घरे निघतात. ती लहान असतात, कित्येकांना उद्वाहन नसते. पण शाळा, बाजार, दवाखाना आणि स्थानक पायी गाठता येते. अशा घरासाठी मूळ करारनाम्यापासूनच्या सर्व दस्तांची साखळी, भोगवटा प्रमाणपत्र, भाग प्रमाणपत्र आणि संस्थेची थकबाकी नसल्याचा दाखला पाहावा. इमारत ३० वर्षांहून जुनी असल्यास संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागावा.

नव्या घराच्या बाबतीत जाहिरातीतील क्षेत्रफळावर जाऊ नये. कायद्याने विक्री चटई क्षेत्रावरच करावयाची आहे. नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही, आणि जो ती मागतो त्याच्याकडून उठावे हे बरे. बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के वस्तू व सेवा कर पडतो. महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र आणि ४५ लाख रुपयांपर्यंत किंमत असलेल्या घराला तो एक टक्का आहे, तर भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर मुळीच नाही. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत एप्रिल २०२१ पासून मिळते. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, परंतु कमाल ३० हजार रुपये आहे.

म्हाडाच्या कोकण मंडळाने कल्याण तालुक्यातील शिरढोण व खोणी येथील घरे सोडतीद्वारे दिली आहेत. त्यांच्या परवानग्यांची काळजी करावी लागत नाही. मात्र ही दोन्ही ठिकाणे डोंबिवली स्थानकापासून दूर आहेत, आणि रिक्षा व बसचा वर मांडलेला हिशेब तेथेही तसाच लागू पडतो.

ताबा मिळाल्यावर काम संपत नाही. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५१ टक्के सदनिकांची नोंदणी झाल्यापासून तीन महिन्यांत सहकारी संस्था स्थापन करण्यासाठी पावले उचलणे ही विकासकाची जबाबदारी आहे. पुढे जमीन व इमारत यांचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे व्हावे लागते. ते त्याने टाळल्यास १९६३ च्या सदनिका मालकी कायद्यात २००८ साली झालेल्या दुरुस्तीनुसार संस्थेला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. या पट्ट्यातील कित्येक जुन्या संस्थांची जमीन अजूनही विकासकाच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर आहे, आणि इमारतीची पुनर्बांधणी करण्याची वेळ येते तेव्हाच ही गोष्ट सभासदांच्या ध्यानात येते.