शेगडी पेटत नाही, तेव्हा

चूल पेटवणे म्हणजे मोठी खटपट. लाकूड ओले असते. काडी विझते. दुसरी काडी ओढावी लागते. मग फुंकणी घ्यायची आणि जीव जाईतो फुंकायचे. डोळ्यांत धूर जातो, ठसका लागतो. पण त्याहून जास्त काही बिघडत नाही. कारण लाकूड पेटले नाही, तर ते नुसते पडून राहते.

गॅसचे तसे नाही. गॅस पेटला नाही, तरी तो वाहतच राहतो.

चूल आणि गॅस यांत हा एवढाच फरक लक्षात ठेवला, तरी पुष्कळ झाले. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. तेव्हापासून खेड्यापाड्यांतल्या कितीतरी घरांत चुलीशेजारी गॅसची टाकी आली. टाकी आली, पण हाताची सवय चुलीचीच राहिली. पेटले नाही की ओढ दुसरी काडी! ही सवय गॅसपाशी चालत नाही. तिथे आधी थांबायचे असते.

टाकीत काय असते?

टाकी हलवली की आत डुचमळते. आत पातळ पदार्थ असतो. त्यात प्रोपेन आणि ब्युटेन नावाचे दोन वायू असतात. ते दाबून पातळ केलेले असतात. टाकीचे तोंड उघडले की त्या पातळ पदार्थाची वाफ होते. ती वाफ नळीतून शेगडीत येते. तीच आपण पेटवतो. एक पेलाभर पातळ गॅस बाहेर पडला, तर त्याची सुमारे अडीचशे पेले वाफ होते. म्हणून थोडी गळतीही थोडी समजू नये.

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. धूर वर जातो, तसा हा वर जात नाही. तो खाली बसतो. जमिनीवरून सरकत जातो. ओट्याखाली, कोपऱ्यात, उंबऱ्यापाशी साचून राहतो. डोळ्यांना दिसत नाही. ठिणगी मिळाली की सगळा एकदम पेट घेतो.

मग तो ओळखायचा कसा? वासाने. मुळात या गॅसला वास नसतो. त्यात मुद्दाम एक घाण वासाचे औषध मिसळलेले असते. तो वास म्हणजे आपल्याला घातलेली हाक आहे. ती हाक आली की हातातले काम टाकावे.

आधी नाक, मग हात

बटण फिरवले, काडी लावली आणि शेगडी पेटली नाही. आता काय करावे?

बटण लगेच बंद करावे. दोन-तीन अंक मोजेपर्यंत पेटले नाही, तर बंदच करावे. दुसरी काडी ओढू नये. दार आणि खिडकी उघडावी. खाली वाकून वास घ्यावा. उभ्याने वास घेऊन उपयोग नाही, कारण गॅस खाली असतो.

वास येत असेल तर दोष शोधत बसू नये. काय करावे ते पुढे सांगितले आहे. वास मुळीच नसेल, तरच पुढची तपासणी करावी.

टाकीपासून शेगडीपर्यंत

शेतात पाणी आले नाही, तर आपण काय करतो? आधी विहीर बघतो, मग मोटार बघतो, मग पाट बघत बघत वाफ्यापर्यंत येतो. गॅसचेही तसेच. टाकीपासून निघावे आणि शेगडीपर्यंत यावे. मधले काही सोडू नये.

पहिली टाकी. टाकीत गॅस आहे का? ओल्या फडक्याने टाकी वरपासून खालपर्यंत पुसावी. पातळ गॅस जिथवर असतो, तिथवरची ओल उशिरा वाळते. वरचा रिकामा भाग आधी वाळतो. त्यावरून अंदाज येतो. टाकी संपत आली की काही जण ती आडवी करतात, हलवतात किंवा गरम पाण्यात ठेवतात. असे कधीही करू नये. आडव्या टाकीतून वाफेऐवजी पातळ गॅसच नळीत येतो आणि जाळ भडकतो. टाकी नेहमी उभी ठेवावी. शेगडी टाकीपेक्षा उंच ओट्यावर असावी.

दुसरा रेग्युलेटर. तो नीट बसला आहे का? नीट बसला असेल, तर वर ओढला तरी निघत नाही. त्याचे बटण चालू बाजूला आहे का, तेही बघावे. पुष्कळदा एवढेच राहिलेले असते! रात्री कोणी बंद केलेले असते आणि सकाळी दुसराच माणूस शेगडी पेटवत असतो. रेग्युलेटर बसत नसेल, तर ठोकून बसवू नये. टाकीच्या तोंडात काळ्या रबराचे एक बारीक कडे असते. ते नसेल किंवा फाटले असेल, तर गॅस गळतो. अशी टाकी परत करावी.

तिसरी नळी. ती कुठे मुडपली आहे का? डब्याखाली, पाटाखाली दबली आहे का? तिला चीर पडली आहे का? उंदराने कुरतडली आहे का? नळीवर तारीख छापलेली असते. नारिंगी रंगाच्या सुरक्षा नळीची मुदत पाच वर्षांची असते. मुदत संपली की नळी वरून चांगली दिसली, तरी बदलावी. काही घरांत नळीला फडके गुंडाळून ठेवतात. त्याने चीर झाकली जाते, गळती थांबत नाही. नळी उघडी असावी, म्हणजे रोज नजरेखाली राहते.

चौथी शेगडी. एक बर्नर पेटतो आणि दुसरा पेटत नाही, असे असेल तर टाकी, रेग्युलेटर आणि नळी ठीक आहेत. दोष त्या एका बर्नरमध्ये आहे. दूध उतू जाते, आमटी सांडते, बर्नरची भोके बुजतात. शेगडी थंड असताना बर्नरचे झाकण काढावे. साबणाच्या पाण्याने ब्रशने धुवावे. भोके सुईने मोकळी करावी. पुरते वाळवून पुन्हा बसवावे. शेगडी पुष्कळ दिवस बंद असली, तर आतल्या नळीत कोळी जाळे करतो. तेवढ्या जाळ्यानेही गॅस अडतो. बर्नरखाली गॅस येण्याचे फार बारीक छिद्र असते. त्यात तार किंवा खिळा घालू नये. छिद्र मोठे झाले की गॅस जास्त येतो आणि भांडी काळी होतात. ते काम मेकॅनिकचे.

नवी टाकी नुकतीच लावली असेल, तर आणखी एक कारण असते. नळीत थोडी हवा शिरलेली असते. आधी ती हवा बाहेर येते, मग गॅस येतो. अशा वेळी बटण बंद करावे. थोडे थांबावे. वास नाही ना, ते पुन्हा बघावे आणि मग पेटवावे.

शेगडी पेटली की जाळाचा रंग बघावा. जाळ निळा असेल तर ठीक. पिवळा असेल तर गॅसला हवा कमी पडते आहे. अशा जाळाने काजळी धरते आणि विषारी वायूही होतो. बर्नर साफ करावा.

टाकीवरची अक्षरे

टाकी दारात आली की ती वाचता येते! कशी, ते या बोलण्यातून समजेल. सासूबाई रात्रीच्या वर्गाला जातात. सून नव्या घरी नुकतीच आलेली आहे.

“आत्याबाई, टाकी आली. घेऊ का आत?”

“थांब गं. आधी वाचू दे. वरच्या कड्याला तीन पट्ट्या आहेत ना, त्यांच्या आतल्या बाजूला बघ. काय लिहिलंय?”

“इंग्रजी बी आहे. पुढं २४.”

“बी म्हणजे एप्रिल ते जून. २४ म्हणजे २०२४ साल. या टाकीची तपासणी जून २०२४ पर्यंत व्हायला हवी होती. मुदत केव्हाच संपली. दादा, ही टाकी नको. दुसरी द्या.”

टाकी आणणारा म्हणाला, “आजी, कोणी एवढं बघत नाही.”

“कोणी बघत नाही, म्हणून आम्ही बघतो. वाचायला शिकलो ते कशासाठी?”

त्याने गाडीतून दुसरी टाकी आणली. तिच्यावर सी-२९ होते.

“आता तूच सांग, सूनबाई.”

“ए म्हणजे जानेवारी ते मार्च. बी म्हणजे एप्रिल ते जून. मग सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर. २०२९ साल. अजून मुदत आहे!”

“शाब्बास. आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. आता वजन. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं. बघ किती आहे.”

“१५.३ किलो.”

“आत गॅस १४.२ किलो असायला हवा. कर बेरीज.”

“२९.५ किलो.”

“दादा, आणा तुमचा काटा.”

काटा लावला. वजन बरोबर भरले. मग टोपण काढून, रेग्युलेटर लावून घेतला. गळती नाही ना, तेही त्याच्यासमोरच बघितले. टोपण दोरीसकट टाकीलाच बांधून ठेवले.

गळती कशी बघावी? शेगडीचे बटण बंद ठेवावे. रेग्युलेटर चालू करावा. साबणाचा फेस रेग्युलेटरला आणि नळीच्या दोन्ही टोकांना लावावा. बुडबुडे फुगू लागले, तर तिथे गळती आहे. काडी ओढून गळती शोधू नये. काडीने गळती सापडते खरी, पण मग घर सापडत नाही.

वास आला तर

घाबरू नये. पुढे लिहिले आहे तसे करावे.

१. शेगडीचे बटण आणि रेग्युलेटर बंद करावा. वास थांबला नाही तर रेग्युलेटर काढून टाकीवर टोपण बसवावे.
२. जवळचा दिवा, उदबत्ती, चूल विझवावी.
३. विजेचे कोणतेही बटण दाबू नये. लावूही नये, बंदही करू नये. बटण दाबताना आत ठिणगी पडते. अंधार असला तरी कंदील किंवा काडी पेटवू नये.
४. दारे-खिडक्या उघडाव्या. पंखा लावू नये.
५. पोराबाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन बाहेर जावे.
६. बाहेर गेल्यावर फोन करावा. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. तो दिवसरात्र चालू असतो. हा आकडा स्वयंपाकघरात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

घरात एकटीच बाई स्वयंपाक करते, म्हणून हे तिलाच ठाऊक असावे, असे नाही. गड्यांनी शिकावे, मुलांनीही शिकावे. वास कोणाच्या नाकाला आधी येईल, ते सांगता येत नाही.

एवढे लक्षात ठेवा

पेटले नाही, तर बटण बंद.
दुसऱ्या काडीआधी वास.
वास नसेल तर टाकी, रेग्युलेटर, नळी, शेगडी, याच क्रमाने तपासणी.
रात्री निजताना रेग्युलेटर बंद.

उत्तरे द्या

१. ओले लाकूड पेटले नाही आणि गॅस पेटला नाही, यांत काय फरक आहे?
२. गॅसचा वास खाली वाकून का घ्यावा?
३. एका टाकीवर डी-२८ लिहिले आहे. तिची मुदत केव्हा संपते?
४. रिकाम्या टाकीचे वजन १५.८ किलो आहे. भरलेल्या टाकीचे वजन किती असावे?
५. आज घरी जाऊन तुमच्या टाकीवरची आणि नळीवरची तारीख वाचा. ती वहीत लिहा आणि उद्या वर्गात सांगा.