सेविकांनी मोबाइल का परत केले?

प्रश्न : महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी २०२१ साली सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. नवं तंत्रज्ञान शिकायची तयारी नसते, म्हणून असं होतं का?

उत्तर : मुळीच नाही. २०१९ पासून सेविका त्याच फोनवर मुलांची वजनं, उंची, आहाराच्या नोंदी भरत होत्या. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारचं ‘पोषण ट्रॅकर’ ॲप आलं आणि अवघ्या २ जीबी रॅमच्या त्या फोनवर ते चालेना. फोन तापायचे, मध्येच बंद पडायचे. वॉरंटी संपलेली, त्यामुळे दुरुस्तीचे पैसे मानधनातून. त्यात ॲप इंग्रजीत. आयुष्यभर मराठीत नोंदी ठेवलेल्या बाईने बाळांची नावं इंग्रजीत कशी भरायची? ऑगस्टमध्ये ठिकठिकाणी मोर्चे निघाले आणि फोन कार्यालयांत जमा झाले. मागणी होती ती चांगल्या फोनची आणि मराठी ॲपची. ही तंत्रज्ञान नाकारणाऱ्यांची मागणी नव्हे.

मग नव्या तंत्रज्ञानासाठी सेविकांना मदत कशाची होते? नवं यंत्र हाती देताना प्रशिक्षणाचा एखादा दिवस उरकला जातो. तो हवाच, पण महिन्याच्या सभेत शेजारच्या गावची सेविका शेजारी बसून जे दाखवते, ते जास्त लक्षात राहतं. त्याहून मोठी मदत म्हणजे जुनं काम अंगावरून उतरवणं. सेविकेकडे पूर्वी ११ नोंदवह्या असत. ॲप आलं तरी बऱ्याच ठिकाणी वह्या सुटल्या नाहीत. तीच माहिती दोनदा भरायची. हा वेळ मुलांच्या वाट्याचा जातो, आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

आता १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा ॲपवर जुळवावा लागतो. आधी केवायसी, त्यासाठी ओटीपी. बऱ्याचदा तो येतो लाभार्थी बाईच्या नवऱ्याच्या फोनवर, आणि नवरा कामासाठी परगावी. कडेवर मूल घेऊन आलेल्या बाईला ‘उद्या या’ हे सेविकेनेच सांगायचं आणि रोषही तिनेच झेलायचा. अशा वेळी बालविकास प्रकल्प कार्यालयात सेविकेचा फोन उचलणारं, अडचण तिथल्या तिथे सोडवणारं माणूस हवं. आणि चेहरा जुळला नाही, रेंज गेली, तर वहीत सही घेऊन आहार देण्याची लेखी मुभा तिला हवी. त्या दिवशीची नोंद अपुरी राहिली म्हणून तिच्या प्रोत्साहन भत्त्याला हात लागता कामा नये.