सायलेन्सर बदलला, आता पेट्रोलचा हिशोबही बदला

आमच्या सुकापूर आणि नवीन पनवेल परिसरात मोटारसायकलचा मूळ सायलेन्सर काढून मोकळा सायलेन्सर लावण्याचा, तसेच डब्यातील फिल्टर काढून उघडा फिल्टर बसविण्याचा शौक तरुणांमध्ये चांगलाच रुजला आहे. यातील पुष्कळ तरुणांची रोजीरोटीही त्याच गाडीवर चालते. दिवसभर तीवर माल पोहोचवायचा आणि रविवारी माथेरान रोडने नेऱ्याकडे फेरफटका मारायचा. अशा गाडीचे इंजिन जाम झाले, तर दुरुस्तीचा खर्च पडतो आणि कमाईही बुडते. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर घेणे आम्हांस जरुरीचे वाटते.

आम्ही कापडाच्या धंद्यातील माणसे. सदऱ्याची छाती वाढविली आणि बाही जुन्याच मापाची ठेवली, तर सदरा काखेत फाटतो, हे आम्ही जाणतो. इंजिनाचेही तसेच आहे. साधे पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी 1 किलो पेट्रोलला सुमारे 14.7 किलो हवा लागते. पूर्ण ताकद हवी असते तेव्हा पेट्रोल थोडे जास्त द्यावे लागते, म्हणजे प्रमाण 12.5 ते 13 च्या आसपास येते. सायलेन्सर आणि फिल्टर मोकळे केले की इंजिनात हवा जास्त जाते. पण पेट्रोल आपोआप त्या प्रमाणात वाढत नाही. पेट्रोल कमी पडते त्या मिश्रणास मिस्त्री 'लीन' म्हणतात आणि पेट्रोल जास्त झाले तर 'रिच'.

लीन गाडीची लक्षणे वाचकांनी ध्यानात ठेवावीत. रेस सोडताच सायलेन्सरमधून फटाके वाजतात, पिकअप घेताना गाडी अडखळते, इंजिन फार तापते आणि प्लगचे टोक पांढरे पडते. अशीच गाडी जोरात पळवीत राहिल्यास व्हॉल्व्ह जळतात, पिस्टन वितळू शकतो. आरएक्स 100 सारख्या टू-स्ट्रोक गाडीत तर पिस्टन लवकर जाम होतो. रिच गाडी काळा धूर सोडते, सुस्त चालते, प्लग काजळीने भरतो आणि पेट्रोलचा खर्च वाढतो. प्लगचा रंग फिकट तपकिरी असणे चांगले.

जुन्या बुलेट किंवा आरएक्स 100 सारख्या कार्बोरेटरच्या गाडीत काम कोणत्या क्रमाने करावे, ते असे :

1) प्रथम सायलेन्सरचे सांधे आणि कार्बोरेटरचा रबर तपासा. तेथून हवा शिरत असेल तर फटाके त्यामुळेच वाजतात आणि जेट बदलून काही फायदा होत नाही.

2) नंतर मेन जेट. पाऊण रेसपासून पूर्ण रेसपर्यंत मुख्यतः याचाच अंमल असतो. एका वेळी एकच नंबर वाढवावा व प्लग पाहावा.

3) मग नीडल. मधल्या रेसचा कारभार हिच्याकडे आहे. क्लिप एक खाच खाली घेतली की नीडल वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढते.

4) शेवटी पायलट जेट आणि मिश्रणाचा स्क्रू. हे रेस न देता चालणाऱ्या इंजिनासाठी व थोड्या रेससाठी. स्क्रू फिल्टरच्या बाजूस असेल तर तो हवेचा असतो, आत घेतल्यास मिश्रण रिच होते. इंजिनाच्या बाजूस असेल तर याच्या उलट.

एक सोपी परीक्षा आहे. इंजिन तापल्यानंतर चोक थोडा ओढून पाहावा. गाडी सुधारली तर मिश्रण लीन आहे असे समजावे.

इंजेक्शनच्या गाडीत जेट नसतात. तेथे ईसीयू नावाचा छोटा संगणक सेन्सरच्या माहितीवरून पेट्रोल सोडतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 नियम आल्यावर बहुतेक नव्या गाड्या अशाच आहेत. "संगणक आपोआप जमवून घेतो," असे गिऱ्हाइकास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. ऑक्सिजन सेन्सर एकसारख्या, सावकाश चालीत मिश्रण सांभाळतो. पूर्ण रेस दिली की ईसीयू कंपनीने भरून दिलेल्या तक्त्यावर चालतो आणि त्या तक्त्यास नव्या सायलेन्सरची खबर नसते. त्यासाठी ईसीयूतील तक्ता बदलावा लागतो, किंवा इंजेक्टरला जाणारा इशारा सुधारणारा जादा डबा जोडावा लागतो. बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्स कंपनीचा फ्यूएलएक्स हा असाच डबा आहे. डबा लावल्यावर डायनो यंत्रावर, सायलेन्सरमध्ये वाइडबँड सेन्सर घालून मोजणी केली तरच काम पक्के झाले म्हणावे. कानाने ऐकून केलेला अंदाज मापात धरता येत नाही.

दोन गोष्टी आणखी. 2025 पासून आपल्याकडील पंपांवर सर्रास 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्यास सुमारे 13.5 पट हवाच पुरते, म्हणून जुन्या जेटवर कार्बोरेटरची गाडी आणखी लीन होते. दुसरी गोष्ट उंचीची. पनवेल समुद्रसपाटीजवळ आहे, तर बोरघाट चढून लोणावळ्यास गेल्यावर सुमारे 600 मीटर उंची येते. तेथे हवा विरळ असल्याने पनवेलला बरोबर असलेली कार्बोरेटरची गाडी थोडी रिच होते. घाटात गाडी जड वाटली म्हणून लगेच जेट लहान करू नये. खाली उतरल्यावर तीच गाडी लीन होईल.

कायद्याचाही विचार करावा. आवाज व धुराची मर्यादा मोडल्यास मोटर वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली, 2019 च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्यास 3 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय लायसन्स 3 महिने जाते. ज्याची रोजी गाडीवर आहे त्याला हे दंडापेक्षा महाग पडते. बीएस 6 गाडीच्या सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला की धुराची मर्यादा पाळणे कठीणच.

मिस्त्री बंधूंना आमचे सांगणे एवढेच की, सायलेन्सर विकताना मिश्रण जुळविण्याचा खर्च त्याच पावतीत आधी सांगावा आणि काढलेले मूळ भाग गिऱ्हाइकास परत द्यावेत. खर्च ऐकून गिऱ्हाईक माघारी फिरले तर फिरू द्यावे. सायलेन्सरचा नफा एकदाच मिळतो; जाम झालेल्या इंजिनाची तक्रार मात्र वर्षभर गॅरेजच्या दारात उभी राहते. आणि गिऱ्हाइकांनी हिशोब असा मांडावा : मिश्रण जुळविण्याइतके पैसे हाती नसतील, तर तोवर मूळ सायलेन्सरच बरा.