लेकीसुनांनो, हे अंगावर काढू नका

आरोग्यसेविका म्हणून माझी नोकरी खेड्यापाड्यांतल्या उपकेंद्रांत झाली. बाया यायच्या त्या कंबरदुखीचं, अशक्तपणाचं निमित्त करून. औषधाची पुडी हातात घेऊन उठता उठता पदर सारखा करायच्या आणि हळूच म्हणायच्या, "बाई, खालून काहीतरी बाहेर येतंय." तोवर कित्येक वर्षं सोसलेलं असायचं. म्हणून पहिला कानमंत्र हाच: अंग बाहेर येत असेल तर गप्प बसू नका. घरात सांगायला जड जात असेल तर आशाताईला सांगा, नर्सबाईला सांगा. यात तुमचा काही दोष नाही, आणि यावर इलाज आहे.

हे होतं कसं, ते समजून घ्या. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर तोललेले असतात. बाळंतपणात ती ताणली जाते. पुढे जुनाट खोकला, रोजचं कुंथणं, डोक्यावरचे हंडे, पाळी गेल्यावर येणारा सैलपणा, यांनी ती आणखी ढिली पडते. मग जो अवयव सुटेल तो खाली उतरतो. सगळ्या जणींचं गर्भाशयच येतं असं नाही. पुढच्या बाजूने लघवीची पिशवी फुगते, मागच्या बाजूने गुदाशय. तपासल्याशिवाय नेमकं कळत नाही.

खुणा ओळखा. सकाळी बरं वाटतं आणि दिवसभराच्या कामानंतर खाली ओढल्यासारखं, जड वाटतं. उकिडवं बसलं की हाताला गोळा लागतो. खोकल्यावर, शिंकल्यावर लघवी सुटते. काही जणींना तर लघवीला किंवा शौचाला बसल्यावर बोटाने आत ढकलावं लागतं. हे शेवटचं तर बाया कुणालाच सांगत नाहीत. डॉक्टरांना मात्र आवर्जून सांगा, कारण त्यावरून कुठली बाजू उतरली असावी याचा त्यांना अंदाज येतो.

बाळंतपणात सांभाळा. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडण्याआधी जोर करू नका. वरून पोट दाबून बाळ ढकलू देऊ नका. बाळंतिणीला सव्वा महिना जपायची आपली रीत चांगलीच आहे, पण तिचं पाणी तोडू नका. पाणी आणि भाजी कमी पडली की शौचाला खडा होतो, आणि कुंथून कुंथून ओली झोळी पुन्हा ताणली जाते. हिंडणं-फिरणं चालेल, पण भरलेला हंडा आणि गवताचा भारा काही महिने दुसऱ्याने उचलावा. दोन बाळंतपणांत तीन वर्षांचं अंतर ठेवा.

आता व्यायाम. सुरुवातीला पाठीवर झोपा, गुडघे वाकवा. वारा आणि लघवी दोन्ही एकदम रोखायची आहे असं समजून आतून वर ओढून धरा. पोट, मांड्या, ढुंगण सैल राहिलं पाहिजे. श्वास कोंडायचा नाही. पाच आकडे मोजेपर्यंत धरा, तेवढाच वेळ सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमायला लागलं की भाकरी थापतानाही करता येतं. निदान चार महिने नेटाने करा. लघवी करता करता धार अडवून हा व्यायाम करू नका. आणि खोकला येणार किंवा काही उचलायचं असं दिसलं, की आधी आतून आवळा, मग उचला.

अंग जास्त उतरलं असेल तर डॉक्टर मापाची रिंग बसवून देतात. मऊ सिलिकॉनची असते, नीट बसली की ती आत आहे हेही जाणवत नाही. सांगितलेल्या तारखेला काढून, धुऊन, तपासून घ्यायला मात्र जायचंच. वय झालेल्या, ऑपरेशन न झेपणाऱ्या कितीतरी जणींचं तेवढ्यावर निभतं.

ऑपरेशनचं म्हणाल तर लगेच "पिशवी काढून टाका" म्हणू नका. गर्भाशय काढलं तरी झोळी ढिलीच राहिली, तर योनीचा वरचा भाग पुढे खाली येऊ शकतो. आधार देऊन शिवणं हे खरं काम. मूल हवं असलेल्या तरुण मुलींसाठी गर्भाशय जागेवर टांगून ठेवायची ऑपरेशनं आपल्याच डॉक्टरांनी बसवली. मूळचे गोव्याचे, मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांची पद्धत आजही त्यांच्या नावाने ओळखतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचं गर्भाशय विनाकारण काढल्याच्या तक्रारींचा प्रश्न 2019 साली सरकारदरबारी गाजला, तो विसरू नका. कुणी घाबरवून घाई करत असेल तर सिव्हिलमध्ये जाऊन दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

काही गोष्टींत मात्र थांबायचं नाही. लघवी पूर्ण अडली, किंवा जांघेतला गोळा एकाएकी कडक होऊन दुखू लागला, आत जाईना आणि उलट्या सुरू झाल्या, तर त्याच घडीला दवाखाना गाठा. अंग बाहेर येणं वेगळं, जांघेतला असा गोळा हर्नियाचा असू शकतो. हर्निया फक्त पुरुषांना होतो असं समजू नका. त्यात आतडं अडकलं तर जिवावर बेततं. बाहेर आलेल्या अंगाला जखम झाली, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर तेही अंगावर काढू नका, दोन-चार दिवसांत दाखवा.

आणि सासवांनो, हे तुमच्यासाठी. बाळंतीण दोन-तीन महिन्यांची झाली की तिला एकांतात घेऊन सरळ विचारा: लघवी सुटते का, खाली जड वाटतं का, शौचाला त्रास आहे का? लाजेचा पहिला अडसर तुम्हीच काढलात तर तिची पुढची वर्षं मुकाट्याने सोसण्यात जाणार नाहीत.